कांदा, सोयाबीन, हाडजोड: यातलं हाडापर्यंत किती पोचतं?

प्रश्न विट्याच्या एका ताईंचा आहे. आई 51 वर्षांची, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. मिरजेत डेक्सा (हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी) केली, त्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती कमी, तो आकडा) कमरेच्या मणक्यांत उणे 2.1 आणि खुब्यात उणे 1.6 आला. आजवर फ्रॅक्चर नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे. वनस्पतींतली फ्लॅव्होनॉइड्स नावाची संयुगं हाडांची झीज थांबवतात असं वाचून घरात क्वेरसेटिनच्या (हे त्यांतलंच एक) कॅप्सूल आणि हाडजोड वेलीची पावडर आली आहे, आणि शेजारणीचा हळद-दुधाचा आग्रह वेगळाच. यातलं खरं किती, घ्यायचं तर काय आणि कसं, आणि डॉक्टरांच्या औषधाऐवजी हे चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी निकाल सांगतो. फ्लॅव्होनॉइडांचा हाडांच्या पेशींवर परिणाम होतो, ती थाप नाही. पण प्रयोगशाळेत पेशींना जेवढी मात्रा मिळते तेवढी जेवणातून हाडापर्यंत पोचत नाही. म्हणून ती ताटात असावीत, पाळी जाण्याच्या आगेमागच्या वर्षांत तर नक्कीच. कॅप्सूलचं गणित मात्र बसत नाही, आणि औषधाची जागा तर त्या घेऊच शकत नाहीत.

हाडाची डागडुजी जन्मभर चालते. ऑस्टिओक्लास्ट पेशी आम्ल आणि एन्झाइम सोडून जुनं हाड विरघळवतात. मग त्याच खळग्यात ऑस्टिओब्लास्ट पेशी कोलॅजन अंथरतात आणि त्यावर कॅल्शियम-फॉस्फेट चढतं. खोदायला दोन-तीन आठवडे लागतात, भरून यायला तीन-चार महिने. गावातल्या रस्त्यांचं असतं तेच इथे: खोदणाऱ्या टोळ्या वाढल्या की भरणाऱ्यांनी कितीही राबलं तरी खड्डे उरतात.

खोदणाऱ्या पेशी किती जन्माला येणार हे रँक-लिगँड नावाच्या प्रथिनावर ठरतं. हे प्रथिन ऑस्टिओब्लास्ट आणि हाडात गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट पेशीच बनवतात. मज्जेतल्या पूर्वज पेशीवर ते जाऊन बसलं की आत एनएफ-कप्पा-बी, सी-फॉस असे संदेश एकापाठोपाठ एक जागे होतात, शेवटी एनएफएटीसी1 हे मुख्य कळीचं प्रथिन चालू होतं, आणि अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी ऑस्टिओक्लास्ट तयार होते. ओपीजी नावाचं दुसरं प्रथिन रँक-लिगँडला वाटेतच पकडून ठेवतं. अंगात इस्ट्रोजेन असेपर्यंत ओपीजी भरपूर असतं. पाळी गेली की रँक-लिगँड वाढतं, ओपीजी घटतं, पेशींत ऑक्सिडेटिव्ह ताण चढतो आणि तयार झालेल्या ऑस्टिओक्लास्ट जास्त दिवस जगतात. त्यामुळे पाळी जाण्याच्या आधीचं एक आणि नंतरची दोन-तीन वर्षं मणक्याचं हाड वर्षाला साधारण दोन ते अडीच टक्के कमी होतं, मग वेग मंदावतो. तुमच्या आई नेमक्या याच उतारावर आहेत.

फ्लॅव्होनॉइड्स इथे तीन ठिकाणी हात घालतात. कांद्यातलं क्वेरसेटिन, शेवग्याच्या पाल्यातलं केम्फेरॉल आणि ल्युटिओलिन ही मंडळी पूर्वज पेशीतला ऑक्सिडेटिव्ह ताण उतरवतात आणि एनएफ-कप्पा-बी ते एनएफएटीसी1 हा रस्ता अडवतात, त्यामुळे नव्या ऑस्टिओक्लास्ट कमी बनतात. सोयाबीनमधली जेनिस्टीन आणि डेडझीन ही आयसोफ्लॅव्होन इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकावर बसतात आणि ओपीजी वाढवतात. तिसरा परिणाम हाड बांधणाऱ्या पेशींवर: डब्ल्यूएनटी आणि बीएमपी या संदेशमार्गांनी पेशीला हाड बांधायला लावणारं रनएक्स2 हे प्रथिन जागं होतं, आणि अल्कलाइन फॉस्फेटेज, ऑस्टिओकॅल्सिन या हाडबांधणीच्या खुणा वाढतात. मोसंबी-संत्र्यातलं हेस्पेरिडिन, चिनी औषधातलं इकारिइन यांचं नाव इथे येतं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पळस आणि शिसममधल्या फ्लॅव्होनॉइडांवर याच दिशेने बरंच काम केलं आहे.

या तिघांत पहिला परिणाम सगळ्यात भक्कम दिसतो. पण तो प्रामुख्याने पेशी तयार होत असतानाचा आहे. ऑस्टिओक्लास्ट एकदा पूर्ण तयार झाल्यावर फ्लॅव्होनॉइड दिलं तर परिणाम बराच कमी होतो. म्हणजे झीज वेगाने सुरू असताना लावायचा हा सौम्य ब्रेक आहे. गेलेलं हाड परत आणायची ताकद त्यात नाही.

आता मात्रेकडे येऊ, कारण जाहिरातींत हीच गोष्ट गाळलेली असते. पेशींवरच्या प्रयोगांत क्वेरसेटिन बहुधा 5 ते 50 मायक्रोमोलर (द्रवात किती रेणू आहेत याचं माप) वापरतात. चांगला भरपूर कांदा खाल्ल्यावर माणसाच्या रक्तात ते एक मायक्रोमोलरच्या खालीच राहतं, आणि तेही मूळ रूपात नसतं. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडलं जातं, आणि रक्तात फिरतो तो हा बदललेला रेणू. दाह असलेल्या ठिकाणी काही पेशी तो जोड तोडून मूळ रेणू मोकळा करतात, म्हणून परिणाम शून्य होतो असं म्हणता येत नाही. पण बशीतल्या पेशींचा आलेख बघून कॅप्सूल विकत घेणं हा निव्वळ उतावीळपणा आहे. जास्त म्हणजे चांगलं हेही इथे खरं नाही. जेनिस्टीन कमी मात्रेत हाड बांधायला मदत करतं, दहा मायक्रोमोलरच्या वर गेलं की मज्जेतल्या मूळ पेशींना हाडाऐवजी चरबीच्या पेशी व्हायला लावतं.

उंदरांचे निष्कर्षही असेच तपासून घ्यावेत. बीजाशय काढलेल्या उंदरांना किलोमागे 50 मिलिग्रॅम क्वेरसेटिन दिलं, हाड टिकलं, अशी बातमी येते. अशा मोठ्या उंदराची (रॅटची) मात्रा माणसासाठी बदलताना 6.2 ने भागतात. म्हणजे किलोमागे 8 मिलिग्रॅम, 60 किलोच्या बाईला रोज साधारण 480 मिलिग्रॅम. लाल कांद्यात 100 ग्रॅमला 30 ते 40 मिलिग्रॅम क्वेरसेटिन असतं. रोज सव्वा ते दीड किलो कांदा खाणार कोण? सोयाबीनच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे. डेडझीनपासून आतड्यातले जिवाणू इक्वॉल बनवतात, आणि ते हाडावर मूळ डेडझीनपेक्षा जोरकस आहे. उंदीर जवळपास सगळेच इक्वॉल बनवतात. माणसांत पाश्चात्त्य देशांत तीस टक्क्यांच्या आसपास आणि सोया रोज खाणाऱ्या आशियाई समाजांत पन्नास-साठ टक्के लोकच बनवू शकतात. त्यामुळे एकाच ताटातलं सोयाबीन दोन जावांना वेगवेगळं लागू पडतं.

माणसांवर काय दिसलं? इटलीत 389 स्त्रियांपैकी सुमारे निम्म्यांना दोन वर्षं रोज 54 मिलिग्रॅम शुद्ध जेनिस्टीन दिलं, बाकीच्यांना औषध नसलेली दिखाऊ गोळी, आणि दोन्ही गटांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही होतं. जेनिस्टीनच्या गटात मणका आणि खुबा दोन्हीकडची घनता वाढली. हे 2007 मध्ये छापून आलं आणि सोयाची हवा झाली. 2011 मध्ये अमेरिकेतून 248 स्त्रियांचा दोन वर्षांचा प्रयोग आला: रोज 200 मिलिग्रॅम मिश्र सोया आयसोफ्लॅव्होन, आणि हाडाच्या झिजेत काहीच फरक नाही. उलट सोया गटात अंगातून वाफा येणं आणि बद्धकोष्ठता जास्त होती. शुद्ध जेनिस्टीन आणि मिश्र अर्क या वेगळ्या गोष्टी आहेत, स्त्रियांचा आहारही वेगळा, त्यामुळे दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. शांघायमध्ये सुमारे 24,000 स्त्रियांची नुसती नोंद ठेवली, तेव्हा अन्नातून सर्वांत जास्त सोया घेणाऱ्यांत फ्रॅक्चर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी दिसली, आणि पाळी जाऊन थोडीच वर्षं झालेल्यांत हा फरक जास्त होता. नोंदीच्या अभ्यासावरून कार्यकारण ठामपणे सांगता येत नाही, पण वयाचा धागा पेशींच्या गणिताशी जुळतो. सोयाचा भर अन्नावर ठेवायचा तो यासाठी.

गोळीच्या रूपातल्या आयसोफ्लॅव्होनचा एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. इप्रिफ्लॅव्होन हे प्रयोगशाळेत बनवलेलं आयसोफ्लॅव्होन. युरोपात 474 स्त्रियांवर रोज 600 मिलिग्रॅमने तीन वर्षं तपासलं, निकाल 2001 मध्ये आला. हाडाला फायदा नाही आणि बऱ्याच जणींत रक्तातल्या लिंफोसाइट पेशी घटल्या. आजही काही 'बोन फॉर्म्युला' डब्यांवर हे नाव दिसतं. दिसलं तर डबा परत ठेवा.

आता स्वयंपाकघर. आपल्या भागात सोयाबीन घरचंच असतं, म्हणून आधी एक धोक्याची सूचना: पेरणीतून उरलेलं, बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेलं लालसर-गुलाबी बियाणं कितीही धुतलं तरी खायचं नाही, दळायचं नाही, जनावरालाही घालायचं नाही. खायचं सोयाबीन म्हणजे मळणीनंतर वेगळं काढून ठेवलेलं. ते आठ तास भिजवा, पाणी फेका, नव्या पाण्यात वीस मिनिटं उकळा, कडक वाळवा, मंद आचेवर खरपूस भाजा आणि मग दळायला द्या. उकळणं टाळू नका. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक प्रथिनांचं पचन अडवतो आणि पोट गच्च होतं. उग्र वासही उकळल्यानेच जातो. प्रमाण नऊ किलो गहू किंवा ज्वारीला एक किलो सोयाबीन. याहून जास्त घातलं तर भाकरी थापताना चिरते आणि चव कडवट होते. पिठात तेल असल्यामुळे ते उन्हाळ्यात लवकर खवट होतं, तेव्हा दहा-बारा दिवसांपुरतंच दळावं. दिवसाला 150 ग्रॅम असं पीठ पोटात गेलं तर त्यात 15 ग्रॅम सोया, म्हणजे 15 ते 25 मिलिग्रॅम आयसोफ्लॅव्होन. त्यावर ग्लासभर सोया दूध किंवा मूठभर सोयावडी आली की आशियातल्या सोया खाणाऱ्या समाजांच्या रोजच्या 25 ते 50 मिलिग्रॅमच्या पट्ट्यात तुम्ही पोचता. वडी उकळून घट्ट पिळली की पाण्याबरोबर काही आयसोफ्लॅव्होन जातात, म्हणून ती थेट रश्शात शिजवलेली बरी. सोयाबीन तेलात आयसोफ्लॅव्होन जवळपास नसतात, तेल बदलून हाडाला काही मिळत नाही.

तुमच्या आईंसाठी महत्त्वाचं: थायरॉइडची गोळी आणि सोया यांत चार तासांचं अंतर हवं, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या गोळीलाही हाच नियम. सोया सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा बघा. उलट बाजूही तपासा. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त होऊन टीएसएच खूप खाली गेलेलं असेल तर तेच हाड झिजवतं, आणि मग सोयाबीनने काहीही साधत नाही.

कांदा लाल घ्या, पांढऱ्यात क्वेरसेटिन नगण्य असतं. ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं, म्हणून कोरडं साल निघालं की थांबा, वरच्या दोन रसदार पाकळ्या सोलून टाकू नका. सालाखाली काजळी असेल तर ती बुरशी आहे, तो भाग काढून टाकाच. सालं उकळून 'क्वेरसेटिनचा काढा' करायची टूम आहे. बुरशी आणि फवारणी दोन्ही सालावरच असतात, तेव्हा नको. तेलात परतल्याने थोडं कमी होतं, पण स्निग्धांशाबरोबर शोषण सुधारतं. उकळल्यावर ते पाण्यात उतरतं आणि आमटीत ते पाणी आपण पितोच. शेवग्याचा पाला यात सगळ्यांत फायद्याचा: क्वेरसेटिन, केम्फेरॉल आणि 100 ग्रॅमला 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम एकाच भाजीत. आठवड्यातून तीनदा झाला तर कुठल्याही कॅप्सूलपेक्षा मी त्याला वरचढ मानेन. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा सालासकट शिजतो, तोही उत्तम. रंगीत सालातच त्याची फ्लॅव्होनॉइड्स असतात.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, आटपाडीचं डाळिंब, जांभळं यांतली अँथोसायनिन (लाल-जांभळा रंग देणारी फ्लॅव्होनॉइड्स) फारच थोडी शोषली जातात. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांची छोटी फिनॉलिक आम्लं करतात आणि काम बहुधा ती करतात. ताजं फळ खा. जॅम आणि क्रशमध्ये उष्णतेने रंगद्रव्य मोडतं आणि साखरच उरते. सुकवलेल्या आलुबुखाराचा अमेरिकेतला प्रयोग 2022 मध्ये आला: रोज 50 ग्रॅम, वर्षभर, आणि खुब्याची घनता टिकली, मणक्यात फरक नाही. त्यावरून तासगावचा बेदाणा चालेल का, असं हमखास विचारतात. आलुबुखारात क्लोरोजेनिक आम्ल, सॉर्बिटॉल, के जीवनसत्त्व असं बरंच काही आहे, ते बेदाण्यात त्या प्रमाणात नाही. हिरव्या बेदाण्यात अँथोसायनिन नसतात, काळ्या मनुकांच्या सालात असतात. मूठभर खायला हरकत नाही, पण साखर असणाऱ्यांनी जपून.

सांगलीत बसून हळदीबद्दल बोलायचं म्हणजे जरा जपूनच बोलावं लागतं. हळदीतलं करक्युमिन हे फ्लॅव्होनॉइड नाही, पॉलिफिनॉल या मोठ्या गटातल्या वेगळ्या कुळातलं आहे. अर्ध्या चमच्यात, म्हणजे दीड ग्रॅम हळदीत, ते पन्नास मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, आणि शोषण अत्यल्प. हळद-दुधात हाडाच्या कामाचं आहे ते दूध: 200 मिलिलिटरला सुमारे 240 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेव्हा शेजारणीचा आग्रह मोडू नका, हळद चिमूटभर पुरे.

हाडजोडात क्वेरसेटिन, केम्फेरॉल आहेत, शिवाय स्टेरॉइडसारखे काही घटक. माणसांवरचे प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे आहेत. ताज्या कांडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कच्चं खाल्लं तर घसा खाजतो. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी टाळावं. सुट्या पुडीतली पावडर कुठल्या वेलीची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि कुठल्याही पुडीने आठवड्याभरात सांधेदुखी जादूसारखी थांबली तर त्यात स्टेरॉइड मिसळलं असल्याचा संशय घ्या, कारण स्टेरॉइड हाड सगळ्यांत वेगाने पोखरतं.

चहाचं थोडक्यात: जेवणाबरोबर घेतला तर लोहाचं शोषण अडतं, तासाभराचं अंतर ठेवा. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या मात्र नकोत, जास्त मात्रेत यकृताला इजा झाल्याची उदाहरणं आहेत. पपनसातलं नॅरिंजिन उंदरांत हाडाला चांगलं दिसतं, पण पपनस आणि ग्रेपफ्रूटमधले दुसरे घटक आतड्यातलं औषधं मोडणारं एन्झाइम दाबतात. सिमव्हास्टॅटिन किंवा फेलोडिपिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमोक्सिफेन घेणाऱ्यांनी सोयाचे अर्क आणि गोळ्या टाळाव्यात.

हे सगळं जमलं तरी पाया कच्चा असेल तर उपयोग नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीत ते फारसं नसतं, नाचणीच्या एका भाकरीत 180 ते 200 मिलिग्रॅम मिळतं, दोन चमचे बिनपॉलिशच्या तिळात शंभराच्या वर. ड जीवनसत्त्व रक्तात तपासून घ्या. कमी असेल तर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तीही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ती रोजची समजून खाल्ल्याने रक्तातलं कॅल्शियम चढून माणसं दवाखान्यात भरती होतात. आणि घरात मिश्री लावायची सवय असेल तर ती आधी सोडवा. तंबाखू इस्ट्रोजेन आणि हाड बांधणाऱ्या पेशी दोन्हींवर घाव घालते.

औषधाचा निर्णय. उणे 2.1 म्हणजे घनता कमी, अजून ऑस्टिओपोरोसिस नाही. त्याची रेघ उणे 2.5 वर आहे. डॉक्टर वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड, संधिवात हे सगळं धरून धोका काढतील. धोका कमी निघाला तर आहार, व्यायाम आणि ड जीवनसत्त्वावर थांबता येतं. किरकोळ पडण्याने मणका किंवा खुबा मोडला, किंवा स्कोअर उणे 2.5 वर किंवा त्याखाली गेला, तर अलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक आम्ल यांसारखी औषधंच लागतात. अलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहा, दूध, कॅप्सूल काहीही घ्यायचं नाही. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन चालू असेल तर 'आता नैसर्गिक उपाय करू' म्हणून ते मध्येच बंद करू नका. ते थांबवल्यावर झीज उसळून एकापाठोपाठ मणके दबतात.

फरक पडला का हे दुखण्यावरून कळत नाही, कारण हाडाची झीज दुखतच नाही. शिबिरात टाचेवर लावतात त्या यंत्राच्या आकड्यावर काही ठरवू नका. डेक्सा दीड-दोन वर्षांनी, त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करा. तीन टक्क्यांच्या आतला फरक हा यंत्राचाच असू शकतो. लवकर अंदाज हवा असेल तर आता आणि तीन महिन्यांनी सीटीएक्स ही हाड किती वेगाने झिजतंय ते सांगणारी रक्ततपासणी सकाळी उपाशीपोटी करा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर त्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, नाहीतर आकडा खोटा येतो.